मुळांसकट, मातीसकट

हळदोण्याच्या या वाड्यावर पोसरो एकच, माझा.
म्हणून शिपाई माझ्याकडे आला:
तराजू घे रे शेट, दहा मिनिटांचं काम.

पारड्यातली कांद्याची टरफलं झटकली
आणि निघालो मिनेझिसबाईंकडे,
जिथे तीस वर्षं मी फक्त महिन्याचं बिल घेऊन गेलो
आणि दर वेळी चहा पिऊन परतलो.

अंगणात सात माणसं, दोन कुंड्या.
एकीत अबोली.
दुसरीत ते.
माझ्या खांद्याला लागेल एवढं, हाताच्या पंजासारखी पानं,
शेंड्याला चिकट तुरे,
वास ओल्या गोणपाटाचा, मागून जरा लिंबाचा.
फौजदाराने उपटलं
आणि मुळांसकट, मातीसकट, एका गांडुळासकट
पारड्यात ठेवलं.
एक किलो आठशे साठ.
मी आकडा मोठ्याने वाचला.
सवयीने तोंडात आलं होतं, "आणखी काही?"

एस्कोलास्तिकाबाई वेताच्या खुर्चीत.
दुखणं हाडांत उतरलेलं,
बांबोळीहून आणलेल्या गोळ्या पोटात ठरत नव्हत्या.
त्या एवढंच म्हणाल्या,
"बाबलो, आधी डब्याचं वजन वजा करायचं. विसरलास?"
तिसरीत त्यांनीच शिकवलं होतं.
मी सही केली.

तिसऱ्या वर्षी म्हापशाच्या कोर्टात माझं नाव पुकारलं.
साक्षीदार क्रमांक चार. वजन करणारा.
त्याआधी दोन तास बाकावर बसून ऐकत होतो.

बाईंची वकील, कुयेलोंची धाकटी, म्हणाली:
कायदा नुसतं पान सोडतो, नुसतं बी सोडतो,
पकडतो तो तुरा.
म्हणजे एकाच देठावर
पान पणजीचं, फूल दिल्लीचं.
साहेब, मधली रेघ कुणी आखली?
आणि बंदी घालणाऱ्या त्याच कलमात लिहिलंय,
औषधाच्या कारणाखेरीज.

परवाना कुठाय, सरकारी वकिलांनी विचारलं.

अर्ज केला होता, नक्कल जोडली आहे.
पणजीने कळवलं, विषय केंद्राचा.
दिल्लीने कळवलं, अधिकार राज्याचा.
पत्रं फेरीबोटीसारखी
अलीकडे, पलीकडे,
आणि रोगी धक्क्यावर.

सरकारी वकील वाईट माणूस नव्हता.
म्हणाला, आज यांना सोडाल,
उद्या हणजुण्याच्या वाळूवर
जो तो पाठदुखीचा कागद काढेल.
मला ते पटलं.
माझ्या पुतण्याला तिथून दोनदा
मी खांद्यावर टाकून आणलाय.

मग मी. पिंजऱ्यात.
तराजूवर वजनमाप खात्याचा शिक्का होता?
होता.
त्या दिवशी त्याची मुदत?

मी बाईंकडे पाहिलं नाही.
पाहिलं. खोटं कशाला.
संपून एकोणीस दिवस झाले होते, साहेब.
चतुर्थीच्या गर्दीत राहून गेलं.
आणि माती वजा केली होती?
नाही.
का?
कुणी विचारलं नाही. म्हणजे, एकीने सांगितलं होतं.
कोण?
माझी टीचर.

टायपिस्टची बोटं थांबली. मग चालू झाली.

निकालात माझं वजन, लाखेचं सील,
प्रयोगशाळेतला नमुना, एकमेकांना ओळख देईनात.
संशयाचा फायदा. बाई सुटल्या.
फुलाचं काय, पानाचं काय,
औषधाच्या कारणाखेरीज म्हणजे नेमकं काय,
हे प्रश्न या प्रकरणात उद्भवत नाहीत,
असं शेवटच्या पानावर एका ओळीत.

मला मात्र दंड झाला, शिक्क्याचा.
पावती गल्ल्यात आहे.

परवा त्यांची भाची आली. पाव किलो साबुदाणा.
पोटात आता एवढंच राहतं, म्हणाली,
तेही एखाद्या दिवशी.
रात्री ओरडतात. पलीकडच्या घरी ऐकू जातं.
मग पिशवी पुढे करून,
दोन किलो शेणखतही द्या.
अबोलीला, म्हणाली.

नव्या शिक्क्याच्या तराजूवर
मी जरा जास्तच तोललं.